चार वाफे

मेथीची जुडी सोडली की त्या वासाबरोबर अकोल्याचा आमचा मळा समोर येतो. अमरावतीच्या कॉलेजातलं विलायती बीजगणित महिनाभर वाचून मी पार थकलो होतो. घरी येऊन वाफ्यात वाकलेल्या वडिलांना म्हटलं, "बाबा, शिकणं सोडतो." "कावून?" "चार वस्तू दर खेपेले एक जागा सरकवल्या, त चवथ्या खेपेले साऱ्या जिथल्या तिथं येतात. त्याचं गणित समजून नाही राहिलं." वडील हसलेही नाहीत. "वांगं, मेथी, कांदा, मिरची मी दरसाली एक वाफा पुढं सरकवतो. चार सालानं वांगं आपल्या जागी. येवढ्यासाठी अमरावतीले जा लागते काय?" गणित तिथंच समजलं आणि मी परत गेलो. चार वर्षांनी वांगं आपल्या वाफ्यात आलं. मी अजून आलेलो नाही.