रेवणसिद्धची जीभ आणि जळकोटचा चढ

लातुरात औसा रोडला रेवणसिद्धचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. तिथं गाडी न्यायची म्हणजे आधी मालकाचा अपमान होणार आणि मग गाडी दुरुस्त होणार, हे सगळ्यांना ठाऊक. जीपचे डायनामो भरता भरता हा माणूस चाळिशीत गाड्यांचा कॉम्प्युटर शिकला होता. तेव्हापासून न शिकलेले आणि अर्धवट शिकलेले, दोघांचाही त्याला सारखाच तिटकारा. त्यातही ट्यूनिंगवाल्यांचं नाव काढलं की त्याच्या कपाळावरचे विभूतीचे पट्टे आक्रसायचे. कॉम्प्युटरमधला कंपनीचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवून देणारे त्याच्या लेखी भोंदू होते आणि त्यांच्याकडे जाणारी गिऱ्हाइकं त्याहून मठ्ठ.

बिलोलीचा सुदर्शन असाच एक. आईला, केवळाबाईंना, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला तो लातूरला आला होता. नांदेडात गाडी ट्यून करून घेतली तेव्हापासून समोर इंजिनाचा पिवळा दिवा जळत होता. मधूनच गाडी अंग चोरायची. कितीही पाय दाबा, पुढं सरकायची नाही.

"कशापायी केलास हे?" रेवणसिद्धनं विचारलं.

"पिकअप वाढतो म्हणले."

"कुणाला गाठायचं हुतं? बिलोलीत विमानं उतरून राहिलीत काय?"

मागच्या सीटवर डोळ्यांत औषध घालून बसलेल्या केवळाबाई म्हणाल्या, "पोराला नंतर बोल बाबा. आधी गाडी बघ."

रेवणसिद्धनं स्कॅनर जोडला. दोन दोष दिसले. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब मर्यादेबाहेर गेलेला. ही ट्यूनिंगची करणी उघडच होती. दुसरा, तो दाब मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल अधूनमधून तुटत होता. त्यावर तो नुसता फुरफुरला. एका येड्यानं केलेल्या घाणीतून दुसरी घाण निघणारच. त्यानं मूळ प्रोग्राम भरला, कॉम्प्युटरमधल्या दोन्ही दोषांच्या नोंदी पुसल्या, दिवा विझला. बॉनेट उघडलंच नाही. एरवी तो गाडी रस्त्यावर फिरवून बघायचा, पण असल्या माणसासाठी डिझेल कोण जाळणार?

"जा आता," तो म्हणाला. "आणि गाडीला गाडी राहू दे."

दुपारी सुदर्शनचा फोन आला. जळकोटच्या अलीकडच्या चढावर तो एका ट्रकला मागं टाकत होता आणि ऐन बरोबरीला आल्यावर गाडीनं जीव सोडला. समोरून एसटी येत होती. ट्रकवाल्यानं ब्रेक मारून वाट दिली म्हणून निभावलं. गाडी त्याच्यापुढून घसरत कडेच्या चारीत गेली आणि केवळाबाईंचं मनगट दारावर आपटून सुजलं.

"परत त्या भामट्याकडं गेलतास काय?" रेवणसिद्ध खेकसला.

"मिस्तरी, आम्ही अजून घरीच पोचलो न्हाई."

रेवणसिद्धनं स्कॅनर पिशवीत टाकला आणि मोटारसायकल काढली.

तो पोचला तोवर लोकांनी गाडी चारीतून ओढून काढली होती. पिवळा दिवा जळत होता. स्कॅनरवर फक्त दुसरा, सेन्सरचा दोष परत आला होता. त्यानं बॉनेट उघडलं. सेन्सरची वायर एका पत्र्यावर घासून सोललेली होती. आतलं तांबं उघडं पडलं होतं. खड्ड्यात गाडी आदळली की ते पत्र्याला टेकायचं, सिग्नल जायचा आणि कॉम्प्युटर इंजिनाची ताकद कापायचा. याचा ट्यूनिंगशी काडीचा संबंध नव्हता. वायर बोटांत धरून तो उभा राहिला. ज्या अर्धवटांना तो इतकी वर्षं हिणवत आला, ते निदान बॉनेट तरी उघडत होते.

"घावलं का?" केवळाबाईंनी विचारलं.

"हाव. वायर घासलती."

"सकाळी कुठं व्हती ही वायर?"

"इथंच."

"मंग तू कुठं व्हतास?"

त्यानं सोललेला तुकडा कापून वायर जोडली. जोडावर टेप गुंडाळली, वायर पत्र्यापासून लांब बांधली, मग स्टिअरिंगवर बसला. "बसा, चढ चढून बघू."

"तू एकटा जा," केवळाबाई म्हणाल्या. "धड माघारी आलास तर बसते."

तो चढ चढून आला, परत वळून गेला, पुन्हा आला. दिवा लागला नाही.

"म्हंजी मिस्तरी," सुदर्शनला जरा हुरूप आला, "ट्यूनिंगचा दोष नव्हताच की."

"एक दोष ट्यूनिंगचाच हुता," रेवणसिद्ध म्हणाला. "ते करणारा गाढव हाय. मी बी गाढव. दोन गाढवं भेटली तुला."

"तीन," लेकाकडं बघत केवळाबाई म्हणाल्या आणि दुखरा हात सांभाळत गाडीत बसल्या.

जळकोटच्या दवाखान्यापर्यंत रेवणसिद्ध मोटारसायकलवरून गाडीच्या मागं मागं गेला. हाड मोडलं नव्हतं. हे त्याला सुदर्शननं बाहेर येऊन सांगितलं. केवळाबाई त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यांनी बोलावं असंही त्याला वाटलं नाही.