दातांनी ऐकणारे साडूभाऊ

माझ्या साडूंइतका माणसाला चारचौघांत मान खाली घालायला लावणारा माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो त्यांनीच शिकवून तयार केलेला असेल. लांबून बघाल तर फसाल. भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये नोकरी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, रविवारी विहारात वंदनेला पहिल्या रांगेत. आमच्या सासूबाई अजूनही मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात, "थोरले जावई कसे, बघत राहावं!" बघत राहायला माझी हरकत नाही. त्यांच्यासोबत कुठं जायची वेळ आली की मात्र मला ताप भरतो. मी कर्जतच्या शाळेत मास्तर आहे, गावात चार माणसं ओळखतात, आणि ती चारही माणसं नेमकी अशाच वेळी समोर येतात.

कारण साडूभाऊंना बेस गिटारचा नाद आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: ऑर्केस्ट्रात सगळ्यांच्या मागे, ढोलकीवाल्याच्या बाजूला, एक माणूस लांब दांड्याची, चार जाड तारांची गिटार घेऊन कुणाशी भांडण झाल्यासारखा उभा असतो. तो काय वाजवतो ते कुणालाच कळत नाही. तीच ती बेस गिटार. हे मी एकदा साडूंसमोर बोललो. ते इतके दुखावले की त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "मास्तर," ते म्हणाले, "घराचा पाया कदी कुणाला दिसतो का? पण तुमी आपले पत्र्याचा रंग बघून घर चांगलं म्हणणार." मग मला समोर बसवून त्यांनी मोबाईलवर एक जुनं गाणं लावलं आणि बजावलं, "गाणारीकडं बिलकूल लक्ष द्यायचं नाय." गाणारी जीव तोडून गात होती आणि आम्ही दोघं तिच्याकडं पाठ फिरवून, डोळे मिटून, खालून कोण चाललंय ते ऐकत होतो. मला काही ऐकू आलं नाही. साडूंच्या डोळ्यांत पाणी. तो वाजवणारा कोण होता हे त्यांनाही माहीत नाही, कारण त्याचं नाव कुठं छापलेलंच नाही. तरी त्यांचा सगळ्यात आवडता वादक तोच. त्याला ते नुसतं "आपला माणूस" म्हणतात. दुसऱ्या एखाद्या गाण्यात तसाच हात ऐकू आला की स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडतात, "अगं, आपला माणूस आला!" आणि आमची मेव्हणी बिचारी पाहुणा आला समजून आणखी एक कप चहा टाकते.

रविवारी सकाळी कर्जत स्टेशनाबाहेर वडापावच्या गाडीपाशी असे दोन-तीन नादिष्ट जमतात. तिथली चर्चा म्हणजे अगदी संसारी माणसांची. चार तारांची बरी की पाच तारांची, यावर मी माणसं हमरीतुमरीवर आलेली पाहिली आहेत. साडूंचा पाचव्या तारेला सक्त विरोध. "ज्याला चार तारांत बोलता येत नाय, तो पाचवीवर काय दिवे लावणार?" नव्या तारा महाग म्हणून जुन्या तारा काढून गरम पाण्यात उकळायच्या, की पुन्हा नव्यासारख्या वाजतात, हे ज्ञानही मला तिथंच मिळालं. साडू हा प्रयोग घरच्या कुकरात करतात. एकदा त्या कुकरातली डाळ मी जेवलो आहे. पुढं काही विचारू नका.

पण हे सगळं परवडलं. खरी लाज त्यांच्या सेकंडहँडच्या व्यवहारांत आहे. कुठं जुनी बेस गिटार विकायला निघाली की साडू मला स्कूटरवर मागं बसवून तिकडं निघतात. मी कशाला? तर "मास्तर बरोबर असले की लोक इश्वास ठेवतात." तिथं गेल्यावर ते गिटार हातात घेतात, तिच्या खांद्यावर जे लाकडी शिंग वर आलेलं असतं ते तोंडाजवळ नेतात, आणि त्याला चक्क दात लावतात. दात रोवून, डोळे मिटून, एकेक तार छेडतात. विकणारा माझ्याकडं बघतो. मी छताकडं बघतो.

धाकट्या मेव्हण्यासाठी मुलगी बघायला आम्ही रसायनीला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. पोहे आले, मुलगी आली, आमच्या सासऱ्यांनी तिचं शिक्षण विचारलं, आणि तेवढ्यात साडूंना कपाटावर काळी लांब पिशवी दिसली. मुलीच्या भावाची गिटार. झालं! साडू उठले, खुर्चीवर चढले, पिशवी खाली काढली, आणि सगळं पाहुणेमंडळ कांदेपोहे हातात धरून बघत असताना त्यांनी त्या शिंगाला दात लावला. मुलीच्या आजीनं बाजूच्या बाईला विचारलं, "हाच का गं नवरा?" ते स्थळ अर्थातच मोडलं. बायको मला आठवडाभर म्हणत होती, "तुम्ही का नाही अडवलं भाऊजींना?" अडवतो कसला! मी तेव्हा गॅलरीत जाऊन कारखान्यांची धुराडी बघत उभा होतो.

आता हे दात लावण्याचं कारण. साडू तरुण होते तेव्हा त्यांच्याकडं एक बेस गिटार होती. ॲम्प्लिफायर घ्यायची ऐपत नव्हती, आणि नुसत्या बेसचा आवाज म्हणजे डास गुणगुणावा इतकाच. म्हणून ते शिंगाला दात लावून वाजवायचे. असं केलं की आवाज हाडातून थेट डोक्यात शिरतो म्हणे. ती गिटार घेऊन ते गायन पार्ट्यांत वाजवायचे, जयंतीला, हळदीला, कुणी बोलावलं की निघाले. आणि हेच त्यांच्या वडिलांना खपत नसे. वडिलांचंही चुकत होतं असं नाही. त्यांच्या बापानं धम्म घेतला तेव्हा गावकीची कामं सोडली, त्यात लोकांच्या दारात वाजवणंही सोडलं, त्यापायी गावाचा रोष सोसला. आणि आता नातू हौसेनं लोकांच्या हळदीत वाजवतो! "माझ्या बापानं जे फेकलं ते तू उचलून आणलंस," असं ते म्हणायचे. साडू सांगायचे, "बाबा, तवा हुकूम व्हायचा. आता बोलावणं येतं." पण म्हाताऱ्याला बाहेर तोंड दाखवायची लाज वाटे. पॉवरहाऊसची नोकरी लागली, आणि एके दिवशी साडू ड्युटीवर असताना वडिलांनी ती गिटार कुणा फिरत्या बँडवाल्याला विकून टाकली. कुणाला, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. तेव्हापासून साडू ती शोधताहेत. रंग बदलला तरी दातांना ओळखू येईल, असा त्यांचा दावा.

बरं, ती नाही तर दुसरी घ्यावी की नाही? सहज मिळाली असती. पण व्यवहाराआधी साडूंची एक अट असते: मालकानं ती गिटार आपल्यासमोर एकदा शेवटची वाजवून दाखवायची. इथंच सगळं फिसकटतं. भिवपुरीच्याच एका रिटायर झालेल्या गृहस्थांनी विकायला काढली होती. साडूंनी वाजवायला लावली. गृहस्थ आधी नको नको म्हणाले, मग वाजवायला लागले, मग थांबेचनात, आणि शेवटी डोळे पुसत म्हणाले, "राहू द्या हो. नाही द्यायची." परत येताना मी वैतागलो होतो आणि साडू गाणं गुणगुणत होते. "मास्तर, एक वाचली!" असं गिऱ्हाईक कुठल्या बाजारात पाहिलंय कुणी?

म्हणून मध्यंतरी खालापूरकडं निघालो तेव्हा मी स्कूटरवर बसण्याआधीच बजावलं, "साडूभाऊ, आज दात नाही आणि शेवटचं वाजवणं नाही. मला लाज वाटते तुमची." हे शेवटचं वाक्य मी खरंच बोललो. त्यांनी स्कूटरला किक मारली.

घर एका अंगणवाडीच्या बाईंचं होतं. वय पन्नाशीला टेकलेलं. बायकांच्या भीमगीतांच्या पार्टीत त्या बेस वाजवत, हे ऐकूनच साडूंनी हात जोडून "जय भीम" घातला. जाहिरात त्यांच्या मुलानं मोबाईलवर टाकली होती. पोरगा चांगला शिकलेला, कंपनीत लागलेला. त्याचं लग्न ठरलं होतं. "सासरची माणसं मोठी आहेत," तो आम्हाला म्हणाला. "हळदीत कुणीतरी आईला वाजवायला सांगणार, आणि ही उठणार. त्यापेक्षा घरात नकोच ना."

बाई हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "बरोबर हाय त्याचं. सून येनार आता. ह्या वयात गळ्यात गिटार अडकवायची म्हंजे मलाच लाज वाटते." जुन्या साडीत गुंडाळलेली गिटार त्यांनी बाहेर आणली. गडद निळा रंग दिलेली, पुसून लख्ख केलेली. साडूंनी ती मांडीवर घेतली. माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि दात लावला नाही. शहाण्यासारखे नुसते बघत बसले.

तेवढ्यात बाई पुढं झाल्या. "भाऊ, एक सांगते. हितं शिंगावर जरा उंदरानं कुरतडलंय. माझ्याकडं आली तवाच होतं, वरून रंग दिला मी. तरी हाताला लागतं. खोटं कशाला बोलू?"

मी वाकून पाहिलं. निळ्या रंगाखाली लाकडात खाचा होत्या. शेजारी शेजारी, वरच्या बाजूला आणि खालच्याही. एवढ्या मोठ्या जबड्याचा उंदीर कर्जत-खालापूरच काय, अख्ख्या रायगडात नसेल. मला हसू येणार होतं, तेवढ्यात साडूंकडं लक्ष गेलं. साडूंचं बोट त्या खाचांवरून फिरत होतं.

"हां," ते म्हणाले. "उंदीरच आसनार."

घ्या! मी मनात ओरडत होतो. अहो घ्या, बाई देताहेत, पोरगा तर फुकटसुद्धा देईल! मी कोपरानं त्यांना ढोसलंही. साडूंनी गिटार उचलली आणि बाईंच्या हातात परत दिली.

"ताई, एकदा वाजवून दाखवा."

बाईंनी मुलाकडं पाहिलं. मुलानं दाराकडं पाहिलं, कुणी येत नाही ना म्हणून. मग बाई पाटावर बसल्या, पदर खोचला, गिटार एका छोट्या स्पीकरला जोडली आणि वाजवू लागल्या. फळीवरची भांडी हळूहळू घुमायला लागली. गाणारं कुणी नव्हतं, तरी मला गाणं ऐकू येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला खालून कोण चाललंय ते कळलं. बाई मुलाला विसरल्या, आम्हाला विसरल्या. साडू मात्र भिंतीला डोकं टेकवून बसले होते.

वाजवणं संपल्यावर साडू उठले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "नाय जमनार. गिटारीचा दांडा वाकलाय. कुटं इकाय जाऊ नका, लोक हसतील. ठेवा घरातच, वाजवत रावा." जुन्या बाजारात माल पाडून बोलायची रीत असते ती भाव उतरवण्यासाठी. त्या रीतीचा असा वापर मी कधी पाहिला नव्हता. वर जाता जाता, ओळख ना पाळख, पोराला म्हणाले, "लग्नाला बोलव रं आमाला."

परतताना चौक गावाजवळ चहाला थांबलो. मला राहवेना. "तीच होती ना?"

"हां."

"मग?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "मास्तर, माझ्या बापाला लाज वाटली म्हणून ती माझ्या घरातनं गेली. आता त्या पोराला लाज वाटतीय. मी जर उचलून आणली असती, तर बापाचंच काम परत केलं असतं की." मग जरा थांबून म्हणाले, "मला इतकी वर्सं वाटायचं, कुटंतरी कोपऱ्यात पडली आसंल. ती तर वाजत होती." आणि एकदम त्यांना हसू फुटलं. "पण उंदीर म्हनाली हो मला!"

मी हसलो, पण नीट हसता येईना. सकाळचं माझं वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होतं. इतकी वर्षं या माणसाची मला लाज वाटत होती, आणि त्या टपरीवर बसून मला त्या लाजेचीच लाज वाटली. चहाचे पैसे मी देऊ लागलो तर म्हणाले, "राहू द्या, तुमी मास्तर लोक."

पोरानं खरंच बोलावलं. हळदीला मांडवात बाई खुर्चीवर बसून निळी गिटार वाजवत होत्या. सुनेनं परस्पर निरोप धाडला होता म्हणे, आई वाजवणार नसतील तर मीही नाचणार नाही. पोरगा हळदीनं माखलेला, मान खाली घालून पाटावर बसला होता, पण पायाचा अंगठा ठेक्यात हलत होता. साडू कुठं दिसेनात. शोधलं, तर मांडवाच्या कडेला, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, मोठ्या स्पीकरच्या लाकडी खोक्याला दात लावून, डोळे मिटून उभे! पोरं बोटं दाखवून हसत होती. नेमके आमचे हेडमास्तर नवरीकडून आलेले, ते माझ्याकडं बघत होते.

मी गेलो आणि साडूंच्या शेजारी उभा राहून खोक्यावर हाताचा तळवा टेकवला. लाज वाटत होतीच, खोटं कशाला बोलू? पण हात काढला नाही.