वगळलेला दात

आमच्या सेंटरमध्ये एक शब्द फार सभ्यपणे वापरतात: ‘वगळा’. तो कानावर पडला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नवरा म्हणतो, किती दिवस धरून बसणार आहेस? मी म्हणते, मामाचा दात परत उगवेपर्यंत.

मी दातांची डॉक्टर. चिंचवडला एका इमेजिंग सेंटरमध्ये काम करते. तिथे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन निघतो. साधा एक्स-रे म्हणजे दाताची सावली. पुढचं, मागचं सगळं एकावर एक येतं. स्कॅनमध्ये तोच दात स्क्रीनवर गोल फिरवता येतो, मुळ्याच्या चकत्या कराव्यात तसा कापून आतून बघता येतो. सेंटरचे मुख्य डॉक्टर, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, ते या स्कॅनवरून एक अभ्यास करत होते. आपल्या भागातल्या लोकांच्या दातांच्या मुळांत नळ्या किती असतात आणि कशा जातात, हा विषय. पुस्तकात छापलेलं असतं की या दाताला एक नळी, त्या दाढेला तीन. तोंडातले दात काही पुस्तक वाचून उगवत नाहीत.

खालचे पुढचे दातच घ्या. दिसायला इवलेसे, पण आत बऱ्याचदा दोन नळ्या निघतात, रेशनच्या रांगेतल्यासारख्या एकीमागे एक. समोरून एक्स-रे काढला की पुढची दिसते आणि मागची तिच्या आड लपते. डॉक्टर पुढची साफ करून भरतो, मागची तशीच सडत राहते, आणि पेशंट म्हणत राहतो की अजून दुखतंय. हे मी या अभ्यासातच नीट शिकले. अभ्यास चांगला होता, आजही म्हणते. माझं भांडण अभ्यासाशी नाही.

त्याचा एक नियम होता. रूट कॅनल झालेला दात मोजायचा नाही, कारण आत भरलेल्या मसाल्यामुळे नळीचा मूळचा आकार कळत नाही. तो दात वगळा. नियमही बरोबरच. पण वगळा म्हणजे मोजू नका. बघूच नका, असं कुठल्या शहाण्याने सांगितलं होतं?

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. इंद्रायणीकाठच्या आमच्या आजोळीच वाढला, तिथेच राहतो, आणि चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. पण काय करतोस विचारलं तर म्हणणार, “क्लॅरोनेट वाजवतो.” लग्नसराईत शिफ्टची अदलाबदल करून, हातापाया पडून, हा लाल कोट चढवणारच. माझ्या लग्नात मामा म्हणून माझ्या पाठीशी उभं राहायचं सोडून बँडमध्ये जाऊन घुसला होता. आजीने मांडवातच त्याचा उद्धार केला. पण पाठवणीच्या वेळी त्याने जे वाजवलं, त्याने माझ्या सासऱ्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि आमचे सासरे काही रडणारे नव्हेत.

क्लॅरोनेट वाजवताना खालचा ओठ आत दुमडून खालच्या पुढच्या दातांवर टेकवतात. सगळा भार त्या चार दातांवर. मामा म्हणायचा, “ह्ये माझं जोतं हाय. ह्ये हाललं की घर पडलं.”

त्या जोत्यातला एक दात काळा पडून दुखायला लागला. चाकणच्या क्लिनिकमध्ये मामाने रूट कॅनल करून घेतलं. दुखणं तसंच राहिलं. वाजवायला घेतलं की ठणका डोक्यापर्यंत. तिथला डॉक्टर म्हणाला, एक्स-रे स्वच्छ आहे, तुमच्या मनाचे खेळ आहेत. मी तेव्हा बाळंतपणाच्या सुट्टीवर, बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. फोनवर मामाला म्हटलं, “तू सरळ आमच्या सेंटरला जा. तिथे सगळं दिसतं.”

गेला बिचारा. क्लिनिकच्या डॉक्टरने चिठ्ठी दिली होती ती मागच्या पडलेल्या दाढेसाठी, तिथे स्क्रूचा दात बसवायचा होता म्हणून. मामाने सरांना दोनदा सांगितलं, “साहेब, दुखतंय ते म्होरचं.” सर म्हणाले, चिठ्ठीत मागची जागा लिहिली आहे. स्कॅन निघाला अख्ख्या खालच्या जबड्याचा. रिपोर्ट दिला मागच्या रिकाम्या जागेचा. नाव काढून, नंबर चढवून स्कॅन अभ्यासात गेला. आणि पुढच्या त्या दातापुढे कुणीतरी लिहिलं: वगळा.

सुट्टी संपवून मी रुजू झाले त्याच आठवड्यात सरांनी मला सगळे स्कॅन पुन्हा चाळायला दिले. दुपारी एक जबडा उघडला आणि मी थबकले. जबड्याच्या कोपऱ्यात धातूची पट्टी आणि स्क्रू. मामा तरुणपणी देहूरोडला मोटरसायकलवरून पडला होता, तेव्हा बसवलेली पट्टी. मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार! पुढचा दात आडवा कापून बघितला. पुढच्या नळीत पांढराशुभ्र मसाला. तिच्या मागे दुसरी नळी, रिकामी, काळी, आणि मुळाच्या टोकाशी हाडात पोखरलेला खड्डा. दात कुठे तडकलेला नव्हता. मागची नळी उघडून साफ केली असती तर तो दात वाचला असता. इतकं उघड दिसत होतं की माझं पोरगंही बोट ठेवेल.

काखेत कळसा म्हणतात तो हा. मला आधी आनंदच झाला, खरं सांगते. वाटलं, सापडलं! मामाला फोन लावला. उचलला नाही. कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात, शिफ्ट सुटेपर्यंत तो उचलणार नव्हता. मग मामीला लावला.

मामी म्हणाली, “अगं, आज सुटला की दातच काढून टाकनार हाय. डॉक्टर म्हनला मूळ खराब झालंय. आन तुजा मामाच म्हनला, तुला सांगू नको, ल्हान बाळ हाय, कशाला पोरीच्या डोक्याला ताप.”

क्लिनिकला फोन केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, डॉक्टर पेशंट बघतायत, निरोप देते. मी म्हटलं, बाई गं, आत्ता दे, दात काढू नका म्हणावं. ती हो मॅडम, हो मॅडम म्हणाली. स्क्रीनचा फोटो मोबाइलवर घेतला आणि गाडी काढली. मोशीच्या पुढे कंटेनरमागे कंटेनर. त्या रस्त्याला मी त्या दिवशी दिलेल्या शिव्या इथे लिहिता येणार नाहीत.

पोचले तेव्हा मामा खुर्चीत होता, तोंडात कापूस. दात ट्रेमध्ये. निरोपाचं विचारलं तर मुलगी म्हणाली, “अय्यो, गर्दीत राहूनच गेलं.”

डॉक्टर मला समजावू लागला, “मॅडम, खालच्या पुढच्या दाताला एकच कॅनल असतो.” मी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. त्याने फोटो बोटांनी मोठा करून बघितला. एक्स-रेचा रोख जरासा बाजूला कलवून एक फोटो काढला असता तरी शंका आली असती, हे त्यालाही माहीत होतं. मग म्हणाला, “पण तुमच्याच सेंटरचा रिपोर्ट आहे. त्यात कुणी लिहिलंच नाही.” माझ्याच तोंडात मारली त्याने.

मामाने फोन मागून घेतला. बराच वेळ बघितलं. बोलता येत नव्हतं, म्हणून माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली, दोन नळ्या होत्या का म्हणून. मी मान हलवली. मग कागदात गुंडाळलेला दात त्याने माझ्या हातात दिला. बाहेर टपरीपाशी कापूस थुंकून म्हणाला, “ल्हानपनी खालचा दात पडला की आय म्हनायची, कौलावर टाक, नवा येतोय. ह्यो कुठं टाकू आता?” वर हसला. मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना स्कॅन दाखवला, दात काढला गेल्याचं सांगितलं. त्यांनी दात इकडून तिकडून फिरवला आणि म्हणाले, “सुंदर! मागची नळी शेवटपर्यंत वेगळी गेली आहे.” सुंदर! मग विचारलं, “दात ठेवलाय ना? काढलेल्या दातांचा आपला वेगळा संच आहे. त्यात बसेल.”

मी म्हटलं, “सर, तोंडात होता तेव्हा तुमच्या अभ्यासात बसत नव्हता. आता माणसाच्या तोंडातून गेला तर बसायला लागला? वरातीमागून घोडं कशाला नाचवता?”

“आवाज कमी करा. चिठ्ठीत जे विचारलं होतं त्याचा रिपोर्ट दिला. अभ्यासाचा नियम पाळला. यात चूक कुठे आहे ते दाखवा.”

संताप त्याचाच आहे. क्लिनिकवाला रिपोर्टकडे बोट दाखवतो, सर चिठ्ठीकडे, आणि या टोलवाटोलवीत प्रत्येकाने आपापलं काम नियमाने केलेलं असतं. “दुखतंय ते म्होरचं,” हे दोनदा तोंडाने सांगितलेलं मात्र कुणाच्याच नियमात बसलं नाही. मी एवढंच म्हणाले, “दात मिळणार नाही.” सर म्हणाले, “एका दातासाठी एवढं?” मी म्हटलं, “हो, एका दातासाठी.”

तेव्हापासून वगळलेला प्रत्येक दात मी उघडून बघते. वेळ जातो म्हणून सर कुरकुरतात. कुरकुरू देत.

मामाला नकली दात बसवला. बोलायला, खायला छान. पण ओठ दुमडून भार दिला की तो दात हलतो आणि सूर फाटतो. महिनाभर घराच्या गच्चीवर सूर घासत होता, मग क्लॅरोनेटची पेटी माळ्यावर टाकली.

परवा आमच्या कॉलनीतून वरात निघाली. बाळाला कडेवर घेऊन मी गॅलरीत आले. बँड मामाचाच होता. पुढे क्लॅरोनेटवर कुणी दुसराच. मामा शेवटच्या रांगेत, तोच लाल कोट, आणि हातात खुळखुळा. ज्याला काही वाजवता येत नाही त्याच्या हातात बँडवाले देतात तो. त्याने वर बघितलं, मी दिसले, आणि मला हसवायला म्हणून तो खुळखुळा जोरजोरात हलवायला लागला. कडेवरचं बाळ खुदकन हसलं. मला नाही हसता आलं.