मुरलीधररावांचं उणं

भवानीनगरच्या मुरलीधर मखऱ्यांना 'उणं' या शब्दाची भारी चीड. भाजीत मीठ जरा उणं हाय, असं कुणी म्हटलं तरी हा गडी ताटावरून उठायचा. राग काही फुकटचा नव्हता. लहानपणी त्यांना गावात पाणी वरून ओतून द्यायचे. घर बौद्ध झालं तेव्हा बापानं पोराला बजावलं होतं, "आता कुणालाबी आपल्यात उणं दिसू द्यायचं न्हाय." पोरानं ते एवढं मनावर घेतलं की सदऱ्याची इस्त्री मोडू दिली नाही आणि आपली चूक तर कधी कबूलच केली नाही. रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ बरा झाला तर मखऱ्यांचा हात, नाही झाला तर कंपनीनं काढतानाच बिघडवलेला.

त्यांची तेजश्री बारामतीच्या कॉलेजात जायची आणि गिटार वाजवायची. इंदापूरच्या जयंतीच्या कार्यक्रमात रविंद्रच्या गायन पार्टीबरोबर वाजवायची तिला संधी आली. रविंद्रनं एकच अट घातली, "अँप्लिफायर तुमचा आणा. न्हायतर मी कीबोर्डवाला सांगतो." तोवर जिकडंतिकडं कीबोर्ड झाले होते, गिटारला कोण विचारतंय! पोरगी हिरमुसली. मुरलीधरराव गरजले, "विकतचा कशाला? मी बनवतो!" आणि ही बातमी सामान जमायच्या आधी त्यांनीच चहाच्या टपरीवर पोचवली.

बंद पडलेल्या तंबू टॉकीजच्या भंगारातून त्यांनी ट्रान्सफॉर्मर आणि जुन्या रेडिओत असतात तसे काचेचे व्हॉल्व्ह आणले आणि अँप्लिफायर उभा केला. आवाज असा गोड की बायको सारजाबाई चूल सोडून बाहेर आल्या. पण गाणं निम्म्यावर यायच्या आत व्हॉल्व्हच्या आतली पत्र्याची प्लेट लालबुंद व्हायची आणि जळका वास सुटायचा. मग सल्ल्यांना काय तोटा! कुणी म्हणालं पंखा लावा, कुणी म्हणालं दूध डेअरीतला बर्फ ठेवा. मुरलीधररावांनी विजेच्या व्होल्टेजला शिव्या घातल्या.

शेवटी तेजश्रीच त्यांना बारामतीला आप्पांकडं घेऊन गेली. आप्पा त्याच तंबू टॉकीजचे जुने ऑपरेटर. ते म्हणाले, "बायस बघा. जाळीवरचं उणं वाढवा, थंड पडंल."

गोष्ट साधी होती. व्हॉल्व्हच्या आत एक जाळी असते, तिला उणे व्होल्ट देतात. ते उणे जितके जास्त, तितका व्हॉल्व्हमधला करंट आवरतो. यालाच बायस म्हणायचं. पण मुरलीधररावांच्या कानात नेमका तोच शब्द शिरला. येताना एसटीत ते फणफणत होते. "म्हातारं चळलंय! म्हणं उणं वाढवा! जन्म गेला माझा उणं कमी करण्यात."

घरी येऊन त्यांनी पेचकस घेतला आणि बायसचा स्क्रू उलटा पिळून उणं चांगलं कमी केलं. प्लेटी शेगडीतल्या निखाऱ्यासारख्या फुलल्या. "बघितलंस?" ते विजयानं म्हणाले, "आप्पाला काय बी कळत न्हाय." आपल्याच उलट्या पिळाचं खापर आप्पांवर फुटलेलं बघून तेजश्रीनं कपाळाला हात लावला. नंतर तिनं किती समजावलं, पण ते अँप्लिफायरला हात लावू देईनात.

कार्यक्रमाच्या दिवशी इंदापुरात मांडवात तालीम सुरू झाली आणि धूर निघाला. ढोलकीवाला टुणकन बाजूला झाला. रविंद्र म्हणाला, "मुरलीधरराव, राग मानू नका. मी कीबोर्डवाल्याला निरोप धाडतो." तेजश्रीनं गिटार खाली ठेवली. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती वायर गुंडाळायला लागली, आणि ते काही बापाला बघवेना.

त्यांनी खिशातला पेचकस काढून तिच्यापुढं धरला. "मला न्हाय जमायचं. तू कर."

तिनं जाळीला मीटर लावला आणि स्क्रू फिरवत उणे व्होल्ट वाढवत नेले. लाली उतरली. प्लेट काळी झाली आणि काळीच राहिली. रविंद्रनं निघालेला निरोप्या परत बोलावला.

संध्याकाळी पोरीनं गिटार अशी वाजवली की म्हाताऱ्याकोताऱ्यांनी माना डोलावल्या. निवेदकानं पुकारलं, "हा अँप्लिफायर घरी बनवणारे मुरलीधर मखरे!" टाळ्या पडल्या. इस्त्रीचा सदरा सारखा करत ते माईकपाशी गेले. नेहमीचं भाषण तोंडाशी आलं होतं, पण नजर तेजश्रीकडं गेली. "बनवला मी," ते म्हणाले, "पण चुकीचा बनवला व्हता. पोरगी सांगत व्हती, मीच ऐकलं न्हाय. निस्तरला तिनं." आणि भर मांडवात डोळे पुसायला लागले.

पुढच्या रांगेत सारजाबाईंनी शेजारणीला कोपर मारलं. "अगं बया, आता जल्मभर हेच सांगत हिंडत्याल, की चूक कबूल करावी तर मखऱ्यानंच."

आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मुरलीधरराव सकाळी सकाळीच हजर होते.