म्हशीखाली धरलेला पेला

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही पहिल्यांदा कोल्हापूरला गेलो. माझे यजमान नुकतेच टायफॉइडमधून उठले होते आणि काहीच खाईनात, म्हणून मी चांगल्या खानावळींची यादी करून नेली होती. वर नियम लिहिला होता: दूध उकळलेलेच.

दोन खानावळींतली ताटे त्यांनी तशीच ठेवली. शेवटी रस्त्यावर म्हैस घेऊन उभ्या असलेल्या गवळ्याकडे मी पेलाभर दूध मागितले. त्याने तिथल्या तिथे म्हशीखाली पेला धरून धारा काढल्या आणि तो फेसाळता पेला सरळ यजमानांच्या हाती दिला. मी हादरलेच.

"अहो, पण हे उकळलंय कुठं?"

"म्हशीनं तापवूनच दिलंय की, वैनी!"

तोवर पेला रिकामा झाला होता.

"अजून एक," यजमान म्हणाले.

आजारपणापासून त्यांनी आपणहून काही मागितले ते हे पहिलेच. रिकामा पेला मीच गवळ्यापुढे केला.