शिरगावच्या विहिरीतला उजेड

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. मी बनवलेल्या दिव्यावर तोवर झालेला खर्च तीन हजार आठशे चाळीस रुपये, लेथवाल्याची मजुरी धरून. विहिरीवर हजर तिघे : मी, माझा मेहुणा संदीप आणि वाडीचे मालक दत्तूकाका. एवढं मी ठामपणे सांगू शकतो म्हणून आधी तेच लिहितो... पुढच्या गोष्टींबद्दल माझी ती हिंमत नाही.

खरं सांगायचं तर असले चमत्कारिक अनुभव मी आजवर त्यातली चूक शोधायलाच वाचत आलोय. मी बोईसरला राहतो, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. मशीन बंद पडलं तर कारण असतंच, फक्त ते सापडेपर्यंत कव्हर उघडत राहायचं — हा माझा धर्म.

संदीप माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. स्कूबा डायव्हिंग शिकलाय. मालवणच्या एका डायव्हिंग सेंटरवाल्यांनी त्याला पाण्याखालचं शूटिंग करायला घेऊ म्हटलं होतं, पण आधी नमुन्याचा व्हिडिओ मागितला. पाण्याखाली दिवा नसला की सगळं हिरवंकाळं दिसतं, आणि बाजारातला चांगला दिवा वीस-पंचवीस हजारांचा. म्हटलं, मी बनवतो.

ॲल्युमिनियमचा जाड पाइप घेतला. कुंभवलीच्या लेथवाल्याकडून त्याला दोन्ही बाजूंनी आट्यांची झाकणं करून घेतली. तो म्हणाला, "साहब, दिवाली को टाइम है, अभी से बम बना रहे हो क्या?" पुढच्या झाकणात दुधी ॲक्रिलिक बसवलं, म्हणजे उजेड पसरतो. पाणी शिरू नये म्हणून रबरी रिंगा. स्विचसाठी भोक पाडलं नाही; बाहेरून चुंबक सरकवला की आतला दिवा लागतो. एक नियम मात्र मी संदीपला बजावला होता : हवेत चालू करायचा नाही. या एलईडीला थंड करायला पाणीच लागतं, बाहेर दोन मिनिटांत जळून जाईल.

आमच्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, हात लांब केला तर दिसत नाही. म्हणून शिरगावची दत्तूकाकांची विहीर. नारळाच्या गच्च सावलीत, जुनी दगडी, पाणी पंचवीस फूट आणि नितळ. संदीपच्या कमरेला दोर बांधला. ठरलं असं, की वरून दिवा दिसतोय तोवर सगळं ठीक, दिवा विझला की ओढायचं.

"सांभाळून हां जावयबापू," काका मला म्हणाले. "मेहुणा बुडाला तर बायको घरात घ्यायची नाय."

संदीप खाली गेला. थोड्या वेळाने तळाशी पांढरा उजेड दिसला. अगदी मनासारखा... पसरट, डोळ्यांना न खुपणारा. खरं सांगतो, छाती फुगली माझी.

तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, तुमचं ते चार्जिंगला लावलेलं इथंच राहिलं की फ्रिजवर! न्यायचं नव्हतं का?"

"काय राहिलं?"

"ती बॅटरी, आणि वर गोल पट्टी आहे बघा, बारके दिवे असलेली. थांबा, फोटो पाठवते."

फोटो आला. फ्रिजवरचा क्रोशाचा रुमाल, त्यावर माझी बॅटरी, माझी एलईडीची पट्टी, माझंच सोल्डरिंग. मी फोटो बघितला. मग विहिरीत बघितलं. उजेड होता. हळूहळू भिंतीकडे सरकत होता.

मी दोराला दोन झटके दिले. खालून उत्तर नाही. पुन्हा दिले. दोर कुठेतरी अडकला होता.

"अरे, लाईट हाय ना खाली? मंग कशाला खेचतोस?" काका म्हणाले.

लाईट आहे तर ओढायचं नाही, असं ठरलेलं. आणि लाईट तर बोईसरला फ्रिजवर. माझे हात दोरावर होते आणि मी ओढतही नव्हतो, सोडतही नव्हतो. उद्या याच्या बहिणीला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं.

मग दोर सैल झाला आणि संदीप वर आला. दगडाला धरून बराच वेळ नुसता दम खात राहिला.

"दाजी, लाईट एक नंबर. पंपाचा जुना नायलॉन दोर सिलिंडरच्या मागं गुंतला होता. गाठ स्पष्ट दिसली म्हणून कापता आली. नाहीतर आज काय खरं नव्हतं."

मी दिवा घेतला, पुसला आणि मागचं झाकण उघडलं. आत जुने नट-बोल्ट आणि घडी घातलेला टिश्यू पेपर. आदल्या दिवशी पाणी शिरतं का ते बघायला मी नळी ड्रममध्ये बुडवली होती, तेव्हाचे. टिश्यू ओला झाला की गळती कळते, आणि नळी तरंगू नये म्हणून बॅटरीच्या वजनाचे बोल्ट. ते काढून आतलं सामान बसवायचं राहूनच गेलं होतं. टिश्यू कोरडा ठणठणीत होता.

"दाजी, मस्करी करू नका," संदीप म्हणाला. मी फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला.

काका एवढंच म्हणाले, "आमी तर बघितला ना उजेड. तूपण बघितलास."

ऊन म्हणावं, तर त्या सावलीत तळ एरवी दिसतच नाही. नंतर त्याच वेळेला दोनदा जाऊन बघून आलो. दुसरी टॉर्च संदीपकडे नव्हती. कॅमेऱ्याला स्वतःचा दिवा नाही. आणि व्हिडिओ... तो तर आहे. दगडांचे सांधे, शेवाळ, नायलॉनची गाठ, सगळं लख्ख. एका ठिकाणी संदीप भिंतीकडे वळतो आणि दगडावर सावली पडते. त्याच्या डोक्याची, कॅमेऱ्याची आणि शेजारी माझ्या दिव्याची. म्हणजे उजेड त्याच्या पाठीमागून येत होता. हे संदीपला दाखवलं, तेव्हा त्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "मी दिवा हातात धरला होता, दाजी. मला एवढंच माहीत आहे." त्यानंतर त्याने हा विषय काढू दिलेला नाही.

मी घरी येऊन आतलं सामान बसवलं. दिवा उत्तम चालतो. पण त्याचा उजेड तसा पडत नाही. किंचित निळसर आहे आणि मधोमध ठिपका येतो.

व्हिडिओ मालवणला गेला, संदीपला काम मिळालं. आठवडाभरात तिथल्या मालकांचा मला फोन आला. असा उजेड त्यांनी महागड्या दिव्यांतही बघितला नव्हता, आणखी दोन करून हवे होते. मी हो-नाही म्हणायच्या आत पाच हजार रुपये आगाऊ माझ्या खात्यात जमा.

दोन दिवस ठेवले. मग पाचही हजार त्यांना परत पाठवले. कारण विचारलं त्यांनी. मी म्हटलं, तो दिवा माझ्याकडून पुन्हा होणार नाही.