ओ कोणाला द्यायची

माझा धाकटा भाऊ रॅप करायचा, आणि त्याचा आवाज अजूनही करतो. हे वाक्य मी विचार करून लिहिलंय, चुकलेलं नाही.

आमचं गाव चिचगडच्या पलीकडे, जंगलाला लागून. थोडीशी धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. मी लग्न होऊन गोंदियाजवळ कुडव्याला आले, तिथं शिलाईचं दुकान टाकलं आणि भाऊ कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आला. गोंदियात सगळा कारभार हिंदीत. यानं वर्गात पहिल्याच दिवशी ‘मी जातोय’च्या जागी आपलं ‘मी जाऊन राहिलो’ म्हटलं आणि पोरं खिदळली. दुसरा कोणी असता तर गुपचूप हिंदीत बोलायला लागला असता. आमचा शहाणा घरी आला, माझ्या मशीनजवळ बसला आणि मशीनच्या खडखडाटावर शब्द बसवायला लागला. मी जाम वैतागायची. गिऱ्हाइकाचा ब्लाऊज द्यायचा आहे आणि याची आपली बडबड चालू.

पण कान होता त्याला. मी एकदा चिडवलं, तुझं काय अवघड आहे, आपल्या बोलीत येऊन राहिलो, खाऊन राहिलो, सगळं आपोआप जुळतंच. तर म्हणाला, बाई, ‘राहिलो’वर कोणीही जुळवते, त्याच्या अगोदरचं जुळलं पाहिजे. आणि ते तो जुळवायचा. पहिलं गाणं त्यानं माझ्याच दुकानात, डोक्यावर गोधडी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड केलं. त्यात तो ओळीओळीला एकच विचारायचा, ‘काऊन?’, म्हणजे का? ते गाणं असं चाललं की ज्या पोरांनी त्याला हसून घेतलं होतं, तीच चौकात एकमेकांना ‘काऊन बे’ म्हणायला लागली. मग देवरीची, भंडाऱ्याची, पार गडचिरोलीकडची पोरं आपापल्या बोलीत रॅप करायला लागली. एकानं त्याला मेसेज पाठवला होता की दादा, आता मी कॉलेजात घरच्यासारखा बोलतो. तो मेसेज त्यानं मला निदान दहा वेळा दाखवला असेल. मीही दर वेळी नव्यानं वाचल्यासारखं केलं.

त्याची एक खूण होती. कुठलंही गाणं सुरू होण्याआधी तो एक हाक मारायचा, ‘माय वं!’ धानाच्या बांधीवरून घराकडे मारतात तशी, लांब. आणि समोरची सगळी गर्दी ओ द्यायची. नागपूर असो की रायपूर, हजारो गळ्यांची ओ.

मायला मात्र हे बिलकुल आवडायचं नाही. आमच्याकडे दिवेलागणीला बाहेरून हाक आली तर आवाज ओळखू आल्याशिवाय ओ देत नाहीत. जंगलात काहीतरी असतं, ते माणसासारखी हाक मारतं, आणि ओ दिली की सोबत घेऊन जातं. माझ्या एका आत्यानं अशीच ओ दिली आणि ती पेटत्या चुलीपुढून उठून तळ्याकडे चालत गेली, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून पेजेसोबत गिळलेली. माय म्हणायची, एवढ्या लोकाईले ओ द्यायले लावते हा, ती ओ कोण घेऊन राहिला हे याले तरी माहीत आहे का? आम्ही दोघं हसायचो.

मग त्याचा गळा बिघडला. कार्यक्रमात आवाज फाटायचा, हा गरम पाण्याच्या गुळण्या करून पुन्हा स्टेजवर. शेवटी नागपूरला डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची गाठ काढली. वाईटातली नव्हती, त्याबद्दल देवाचे आभार मानले, पण आवाज गाठीसोबतच गेला. बोलायची परवानगी मिळाली तेव्हा त्याच्या तोंडून वाळकं पान चुरगाळल्यासारखं काहीतरी निघालं. तो स्वतःच हसला. मी दुकानामागे जाऊन रडले.

तो गावी परतला, आणि तिथं जे सुरू झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते. समोर असला की माय त्याच्याशी व्यवस्थित बोलायची, वाढायची, रागवायची. पण तो अंगणातून किंवा घरामागून ‘माय वं’ म्हणाला की ती ओ देत नसे. हात थांबायचा, ती ऐकायची आणि पुन्हा कामाला लागायची. मी भडकले. म्हटलं, काऊन वं, पोरगा हाक मारून राहिला, ऐकू येत नाही का? ती शांतपणे म्हणाली, “ऐकू येते. कोणीतरी आहे बाहेर. माह्या पोराचा आवाज नाही तो.”

मायचं डोकं ठिकाणावर होतं. माझ्या शिलाईतला वाकडा टाका ती अजूनही दुरून पकडते. मी समजावलं, आवाज बदलला त्याचा, ऑपरेशन झालं. ते तिला माहीत होतं. समोर आला की पोरगाच आहे ना, एवढंच ती म्हणाली. भाऊ बिचारा घराला वळसा घालून तिच्यापुढे उभा राहायचा, तेव्हा कुठे ती ‘आला का’ म्हणायची. रोज संध्याकाळी तो हे करून पाहायचा. कार्यक्रम गेले, नाव गेलं, त्याचं त्याला फारसं वाटत नव्हतं. मला म्हणाला, बाई, एकदा फक्त आतून ओ देऊ दे तिनं, मंग बाकी काही नाही झालं तरी चालते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याची गाणी काढणाऱ्या शहरातल्या लोकांनी जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरवर एक नवं गाणं बनवलं. त्याला विचारून बनवलं, त्यानं होही म्हटलं होतं. मी गावी गेलेली असताना त्यानं ते मला त्याच्या मोबाईलवर ऐकवलं. आवाज याचाच, गाठीच्या आधीचा, स्वच्छ. शब्द मात्र यानं कधी न म्हटलेले. आणि सुरुवातीला ती हाक. पण ती स्टेजवरची नव्हती. ‘वं’ थोडा ओढलेला, शेवटी वर गेलेला. लहानपणी ताप आला की तो खाटेवरून तसा बोलवायचा. त्यानं गाणं बंद केलं, गळ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “हे मी कधीच रेकॉर्ड केलं नव्हतं, बाई.” मला कुठेतरी निघून जावंसं वाटलं. पण जाणार कुठं, शेवटची बस गेली होती.

मग आमच्या शेजारी लग्न निघालं म्हणून मी पुन्हा गावी गेले. दिवस मावळत होता. माय आत चुलीपाशी, मी दारात बसलेली, भाऊ घरामागे वाळत घातलेली मोहफुलं गोळा करत होता. त्यानं तिथून हाक मारली. मायचा हात थांबला आणि पुन्हा चालायला लागला. शेजारच्या मांडवात डीजेवाला स्पीकरच्या पेट्या जोडत होता. त्यानं तेच नवं गाणं लावलं, नुसती पहिली हाक वाजली आणि वायर निघाली की काय, सगळं बंद पडलं.

“ओ, आली रे बाबू,” माय म्हणाली.

ती हात पुसत माझ्या अंगावरूनच बाहेर आली. तोवर भाऊ वळसा घालून अंगणात येऊन उभा होता. मायनं त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की तसा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्याची हनुवटी धरून मला म्हणाली, “आला वं याचा आवाज. दवाई लागू पडली पाह्य.”

ती हाक मांडवातल्या पेटीची होती, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. भावानं माझं मनगट घट्ट दाबलं आणि मायकडे बघून मान हलवली.

“मंग अजून एकदा हाक मार,” ती म्हणाली.

मांडवात शांतता होती. भावानं घसा खाकरला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि होतं नव्हतं ते सगळं बळ लावून, तिच्या तोंडासमोर उभा राहून तो म्हणाला, “माय वं.”

माय त्याच्या ओठांकडे बघत राहिली. हसत होती, हनुवटी तिनं सोडली नव्हती.

“हो,” ती म्हणाली, “मार ना.”